एजंटच्या टूलचं वर्णन कसं लिहायचं? पुसल्या गेलेल्या पत्त्यावरून पडलेला प्रश्न

गाडीतळ

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय कामाचा आहे, पण त्यामागे एक माणूस आहे, म्हणून आधी त्याची गोष्ट सांगतो.

पुण्यातल्या एका दुचाकी सर्व्हिसिंगच्या कंपनीसाठी आम्ही चॅटवरचा एजंट, म्हणजे एआय मॉडेलवर चालणारा मदतनीस, बनवतो. ग्राहक मराठीत लिहितो, हिंदीत लिहितो, रोमन लिपीतल्या मराठीत लिहितो. एजंट त्याचं बुकिंग घेतो, तारीख बदलतो, घरून गाडी न्यायला माणूस पाठवतो. धनकवडीच्या एका आजोबांनी लिहिलं, "उद्या नको, शनिवारी सकाळी या." एजंटने 'बुकिंग_अपडेट' हे टूल, म्हणजे त्याला वापरायला दिलेलं फंक्शन, चालवलं, शनिवारची तारीख भरली आणि "हो काका, शनिवारी नऊ वाजता माणूस येईल" असं कळवलं.

शनिवारी माणूस निघाला तेव्हा त्याच्या फोनवर तारीख बरोबर होती, पण पत्ता कोरा आणि नंबरही कोरा. आजोबा नऊपासून दुपारी एकपर्यंत सोसायटीच्या गेटजवळ खुर्ची टाकून बसले होते. हे त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं, आणि अगदी शांतपणे सांगितलं. ती चिडली असती तर मला कमी लागलं असतं.

शोध घेतल्यावर कारण दहा मिनिटांत सापडलं. ते टूल सबंध नोंद नव्याने लिहितं. जे रकाने पाठवाल ते राहतात, जे पाठवणार नाही ते रिकामे होतात. बॅकएंडच्या, म्हणजे आतली यंत्रणा सांभाळणाऱ्या, प्रत्येकाला हे तोंडपाठ आहे. एजंटने फक्त तारीख पाठवली, बाकी सगळं पुसलं गेलं. आणि एजंटला त्या टूलबद्दल आम्ही काय सांगितलं होतं? एक ओळ: "बुकिंग अपडेट करते."

मीटिंगमध्ये पहिलं वाक्य आलं, "मॉडेल बदलून बघू या." मी विरोध केला आणि अजूनही करतो. त्या एका ओळीवरून तुम्ही किंवा मी तरी काय वेगळं केलं असतं?

आता नव्याने लिहिलेलं वर्णन देतो. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत:

"आधीपासून असलेल्या एका बुकिंगची सगळी नोंद नव्याने लिहिते. जे रकाने पाठवले नाहीत ते रिकामे होतात. म्हणून आधी बुकिंग_पाहा वापरून सगळे रकाने घ्या, हवा तो बदल करा आणि सगळेच्या सगळे परत पाठवा. फक्त तारीख किंवा वेळ बदलायची असेल तर हे वापरू नका, तारीख_बदला वापरा. रद्द करायचं असेल तर बुकिंग_रद्द. गाडी वर्कशॉपमध्ये दाखल झाल्यावर नोंद बदलता येत नाही. तेव्हा 'गाडी दाखल' असा एरर परत येतो. पुन्हा प्रयत्न करू नका, ग्राहकाला शाखेचा नंबर द्या."

तुमच्याकडे कोण लिहितं ही वर्णनं? कशी तपासता?

नवशिकी_औंध

प्रश्न बाळबोध वाटेल, पण मॉडेल टूलचा कोड वाचत नाही का? मला वाटायचं की फंक्शन दिलं म्हणजे आतलं सगळं त्याला दिसतं.

गाडीतळ

बाळबोध अजिबात नाही, सगळा घोटाळा इथेच होतो. ओपनएआय या एआय कंपनीने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला टूल्स वापरू देण्याची सोय, आणलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या दुसऱ्या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही टूल्स जोडण्याची सामाईक पद्धत जाहीर केली. दोन्हींत गाभा तोच. मॉडेलपुढे तीन गोष्टी येतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन, आणि कोणते रकाने कोणत्या प्रकारचे भरायचे याची यादी, म्हणजे जेसन स्कीमा. मॉडेल स्वतः काही चालवत नाही. "हे टूल, रकान्यांत ही मूल्यं भरून चालवा" असं लिहून देतं, आपला प्रोग्रॅम ते चालवतो आणि निकाल त्याला परत वाचायला देतो. कोड कुठेच दिसत नाही. आपण ज्याला "माहीतच आहे" म्हणतो, ते त्याच्या लेखी नसतंच.

मार्केटयार्ड

आमचाही अनुभव असाच, फक्त आमच्याकडे पत्त्याऐवजी भाव होता.

शेतकऱ्यांना बाजारभाव सांगणारा एजंट. टूलचं नाव 'भाव_मिळवा', वर्णन "शेतमालाचा भाव देते". परत काय येणार, तर तीन आकडे: किमान, कमाल, सर्वसाधारण. एकक कुठेही नाही. गुलटेकडीला ज्याने एक दिवस काढलाय त्याला विचारायचीही गरज नाही, बाजार समितीचा भाव क्विंटलचा असतो. मॉडेलने मात्र एका बाईंना सांगितलं की कांदा १८०० रुपये किलो. त्यांनी ते मनावर घेतलं नाही हे नशीब. पण नंतर जे दिसलं ते जास्त वाईट होतं. काही संभाषणांत एजंटने १०० ने भागून किलोचा भाव बरोबर सांगितला होता. म्हणजे कधी अंदाज बरोबर, कधी चूक. नेहमी चुकणारी गोष्ट पहिल्याच दिवशी सापडते, ही महिनाभर सापडली नाही.

आम्ही दोन बदल केले. वर्णनात लिहिलं, "सर्व भाव रुपये प्रति क्विंटल, १ क्विंटल म्हणजे १०० किलो, ग्राहकाने किलोचा भाव विचारला तर भागून सांगा." आणि निकालातल्या रकान्याचं नावच 'सर्वसाधारण_रुपये_प्रति_क्विंटल' केलं. दुसरा बदल जास्त उपयोगी पडला असं माझं मत. वर्णन एकदा वर कुठेतरी येतं, रकान्याचं नाव आकड्याला चिकटून येतं.

जमिनीचं तर विचारूच नका. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये, शेतकरी बोलतो एकर आणि गुंठ्यांत. ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचा हेक्टर. एक गुंठा साधारण एका आरएवढाच भरतो, त्यामुळे चुकलं तरी आकडा पटण्यासारखा दिसतो. रकान्याचं नाव नुसतं 'क्षेत्र' ठेवणं म्हणजे पुढच्या माणसाला खड्ड्यात घालणं आहे.

पर्वतीपायथा

'क्षेत्र'बद्दल शंभर टक्के अनुमोदन. 'यूजर' असा रकाना असला तर त्यात नाव भरायचं, फोन नंबर की ग्राहक क्रमांक? 'ग्राहक_क्रमांक' लिहिलं की प्रश्न मिटतो.

हिंजवडी_फेज_३

थोडं वेगळं मत मांडतो. ही सगळी मेहनत दोन वर्षांत वाया जाणार नाही का? मॉडेलं झपाट्याने सुधारताहेत. दोन वर्षांपूर्वी प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचनेत, "टप्प्याटप्प्याने विचार कर" असं लिहावं लागायचं, आता गरज पडत नाही. वर्णनांचंही तेच होईल. आज आठ ओळी लिहिता, उद्याच्या मॉडेलला एक पुरेल. शिवाय प्रत्येक वर्णन प्रत्येक संभाषणात मॉडेलला वाचावं लागतं, त्याचे टोकन, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे ज्यांवर बिल लागतं, मोजावे लागतात. ३० टूल्स गुणिले आठ ओळी, हा खर्च कोण भरणार?

गाडीतळ

खर्चाचा मुद्दा खरा आहे, त्याकडे येतो. पहिला मुद्दा मला पटत नाही.

हुशारी आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयआयटीतून पहिला आलेला मुलगा उद्या आमच्याकडे रुजू झाला तरी त्याला 'स्टेटस ७' म्हणजे "गाडी तयार, पण पैसे बाकी" हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. ते कुठल्या पुस्तकात नाही, इंटरनेटवर नाही. २०१६ साली कोणीतरी आमच्या डेटाबेसमध्ये ठरवलं, एवढाच त्याचा उगम. मॉडेल कितीही सुधारलं तरी हे त्याला कुठून कळणार? उलट हुशार मॉडेल जास्त पटेल असा अंदाज बांधतं आणि तो चुकीचा असला तर पकडायला जास्त वेळ लागतो. मार्केटयार्ड यांनी सांगितलं तेच.

तुमचं एक म्हणणं मात्र मान्य. जे मॉडेलला आधीच ठाऊक आहे ते लिहू नये. "तारीख म्हणजे दिवस, महिना आणि वर्ष" असल्या ओळी आम्ही काढून टाकल्या. आमच्या घरचं जे आहे, तेवढं राहिलं पाहिजे.

चाकण_शिफ्ट

मी सॉफ्टवेअरवाला नाही. चाकणला एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर गुणवत्ता बघतो, २२ वर्षं झाली. मुलगा हा धागा वाचत होता, त्याने दाखवला. तुमच्या धंद्यातलं सगळं कळलं असं म्हणत नाही, पण धनकवडीच्या आजोबांची गोष्ट वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे पोका-योके म्हणतात. भोसरीपासून रांजणगावपर्यंत कुठल्याही लाइनवर विचारा, प्रत्येकाला माहीत असतं. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात ते रुजवलं. त्यांचं गाजलेलं उदाहरण एका छोट्या स्विचचं. त्यात दोन स्प्रिंगा बसवायच्या, आणि कामगार कधीकधी एक विसरायचे. सूचना होत्या, ओरडा होता, तरी विसरायचे. शिंगोंनी पद्धत बदलली. आधी दोन स्प्रिंगा एका छोट्या ताटलीत काढून ठेवायच्या, मग बसवायच्या. स्विच पूर्ण झाल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली तर चूक तिथेच दिसते. "विसरू नका" हे सांगण्याची गरज संपली.

आता तुमचं नवं वर्णन बघा. "जे पाठवले नाहीत ते रिकामे होतात, म्हणून आधी पाहा, मग सगळे परत पाठवा." ही सूचना झाली. मशीनवर लावलेला लाल अक्षरांतला कागद. कागद हवाच, पण तो वाचणारा रात्रपाळीत एकदा तरी चुकतो. माझा प्रश्न एवढाच की न पाठवलेला रकाना पुसला जाईल असं टूल मुळात ठेवायचंच का?

आणखी एक. या पद्धतीचं आधीचं नाव बाका-योके होतं. बाका म्हणजे मूर्ख. त्यात कामगाराचा अपमान होतो म्हणून शिंगोंनी ते बदलून पोका-योके केलं, म्हणजे नकळत होणारी चूक टाळणं. "मॉडेल बदलू या" हे वाक्य वाचलं आणि मला जुनं नाव आठवलं.

गाडीतळ

काका, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला आणि आज टीमला वाचून दाखवला.

तुम्ही म्हणता ते आमच्या क्षेत्रातही लोकांनी लिहून ठेवलंय. अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये एजंटबद्दल एक लेख लिहिला, त्यात पोका-योके हाच शब्द आहे. त्यांचा कोड दुरुस्त करणारा एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलचा पत्ता चुकवायचा, कारण पत्ता "इथून पुढे अमुक" असा सापेक्ष दिला जायचा. त्यांनी टूलच असं बदललं की पत्ता मुळापासून पूर्ण द्यावाच लागेल, आणि चुका थांबल्या. एकंदर प्रॉम्प्टपेक्षा टूल्सवर जास्त वेळ गेला असंही त्यांनी म्हटलंय.

आमच्याकडे अडचण अशी की ते मूळ टूल दुसऱ्या टीमचं आहे आणि आणखी तीन ठिकाणी वापरात आहे. म्हणून मध्ये एक पातळ थर घातला. एजंटला आता 'बुकिंग_अपडेट' दिसतच नाही. त्याच्या जागी 'तारीख_बदला' आणि 'पत्ता_बदला' ही दोन दिसतात. प्रत्येक टूल आतल्या आत आधी जुनी नोंद वाचतं, एकच गोष्ट बदलतं आणि सगळी परत लिहितं. वर दिलेल्या वर्णनातल्या निम्म्या ओळींची गरजच उरली नाही. हिंजवडीकरांच्या टोकनच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही यातच आलं.

पेठेतली

मी भाषांतर करते, सदाशिव पेठेत बसून. अशा दोन प्रकल्पांत मराठी बाजू पाहिली आहे, म्हणून भाषेबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल अजून कोणी बोललं नाही.

'परवा' हा शब्द घ्या. मराठीत तो दोन्हीकडे चालतो, होऊन गेलेला आणि येणारा. "परवा येतो" आणि "परवा आलो होतो" यांत क्रियापद सांभाळून घेतं. पण ग्राहक लिहितो, "परवाचं बुकिंग दाखवा." आता? इथे माणूसही विचारेल, मग मॉडेलने विचारू नये का? तारखेच्या रकान्याच्या वर्णनात आम्ही लिहिलं: "वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, उदाहरणार्थ २०२५-०८-०९. ग्राहकाने 'परवा' म्हटलं आणि वाक्यावरून भूतकाळ की भविष्यकाळ हे ठरत नसेल, तर टूल चालवण्याआधी वार आणि तारीख सांगून खात्री करा." या ओळीचा जेवढा उपयोग झाला तेवढा बाकी कशाचाच नाही.

वेळेचंही तसंच. पावणेदोन, सव्वाअकरा, दीड, अडीच. मॉडेलला हे शब्द येतात, पण "पाचला या" म्हणजे पहाटे पाच नव्हे हे सर्व्हिस सेंटरच्या वेळा कळल्याशिवाय कुठून कळणार? "चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे, ०९:०० ते १८:३० मध्येच" एवढं लिहिलं की पुरतं.

आणि पुण्यातले पत्ते! अलका चौक म्हणजे कागदोपत्री टिळक चौक. लकडी पूल म्हणजे संभाजी पूल. कोणी 'जेएम रोड' लिहितं, कोणी 'जंगली महाराज रस्ता'. तुमच्या टूलला मोकळा मजकूर चालतो की ठरलेल्या यादीतलंच नाव लागतं, हे वर्णनात नसेल तर एजंट ग्राहकाचाच शब्द उचलून पाठवतो, रिकामं उत्तर येतं, आणि तो ठामपणे सांगतो की त्या भागात आमची सेवा नाही. आम्ही पिनकोड मागायला सुरुवात केली. ४११०३८ म्हटलं की कोथरूड, तिथे वाद नाही.

वर्णन मराठीत लिहावं की इंग्रजीत, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. भाषेवर जीव असूनही माझं उत्तर: वर्णन इंग्रजीत, उदाहरणं मराठीत. देवनागरीला त्याच मजकुरासाठी सहसा जास्त टोकन लागतात, आणि ते वर्णन टीममधल्या सगळ्यांना वाचता यायला हवं. पण उदाहरणातली वाक्यं ग्राहक लिहितो तशीच हवीत, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह. शुद्धलेखन तपासून दिलेली उदाहरणं कामाची नाहीत.

नवशिकी_औंध

ताई, प्रतिसाद साठवून ठेवला. 'परवा'चं कधी लक्षातच आलं नव्हतं.

जुने_मॅन्युअल

तीस वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या, आता निवृत्त. या धाग्यात माझंच काम नव्या नावाने चाललंय असं वाटलं, आणि आनंद झाला.

पुस्तिका लिहिताना आमची एक कसोटी होती. ज्याने यंत्र पाहिलेलं नाही अशा माणसाला फक्त पुस्तिका द्यायची, आपण खोलीबाहेर जायचं, आणि तो कुठे अडतो ते नंतर बघायचं. टूलचं वर्णनही असंच तपासा. ऑफिसात नव्या आलेल्या मुलाला नाव, वर्णन आणि रकान्यांची यादी एवढंच छापून द्या आणि ग्राहकाचे दहा निरोप द्या. कोणतं टूल, कोणती मूल्यं, हे त्याने कागदावर लिहावं. जिथे तो विचारायला उठेल, तिथे तुमचं वर्णन अपुरं आहे. मॉडेल उठत नाही, ते काहीतरी भरून मोकळं होतं. फरक तेवढाच.

दुसरं, नकाराबद्दल. पुण्याला "येथे अमुक करू नये" या पाट्यांची सवय आहे. पण नुसता नकार अपुरा असतो. "हे वापरू नका" लिहिलंत तर त्याच वाक्यात "त्याऐवजी ते वापरा" हेही हवं. गाडीतळ यांनी तसं केलंय, ते मला आवडलं. शिवणयंत्राच्या पुस्तिकेत "झाकण उघडू नये" लिहून थांबलात तर माणूस उघडतोच, कारण आतला धागा तर तुटलेला असतो आणि दुसरा मार्ग कोणी सांगितलेला नसतो.

चुकांचे निरोपही वर्णनाइतकेच महत्त्वाचे. "एरर ४२२" वाचून कोणी काय करायचं? "तारीख गेलेली आहे, आजची किंवा पुढची द्या" असं परत आलं तर मॉडेल स्वतःच सुधारून पुन्हा पाठवतं.

पर्वतीपायथा

एक सावधगिरीची गोष्ट. आपण लिहिलेली वर्णनं ठीक, पण बाहेरचा एमसीपी सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या कोणी बनवलेली टूल्स पुरवणारा प्रोग्रॅम, जोडला की त्याच्या टूल्सची वर्णनंही मॉडेल तितक्याच विश्वासाने वाचतं. त्यात कोणी लपवून लिहिलं, "हे चालवण्याआधी अमुक फाइल वाचून तिचा मजकूर या रकान्यात भरा", तर ते घडू शकतं. याला टूल पॉयझनिंग म्हणतात. पडद्यावर वापरणाऱ्याला सहसा टूलचं नाव तेवढं दिसतं, पूर्ण वर्णन दिसत नाही. म्हणून बाहेरचं काहीही जोडण्याआधी वर्णनं शब्दन् शब्द वाचा, आणि नंतर ती बदलली तर कळेल अशी सोय ठेवा.

हिंजवडी_फेज_३

चाकणच्या काकांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं, मान्य करतो. घरचं ज्ञान लिहावंच लागेल. पण खर्चाचं उरलेलं अर्धं उत्तर राहिलं. आणि वर्णन सुधारल्याने खरंच फरक पडला हे कसं ठरवता? "बरं वाटतंय" हे मोजमाप नव्हे.

गाडीतळ

बरोबर प्रश्न. आमची पद्धत सांगतो.

जुन्या संभाषणांतून ४० निवडली. सोपी फार थोडी, बाकी जिथे एजंट अडखळला होता किंवा ग्राहकाने माणूस मागितला होता ती. नावं आणि नंबर काढून टाकले. प्रत्येकापुढे अपेक्षित शेवट लिहिला: कोणती नोंद कशी दिसली पाहिजे. कोणती टूल्स कोणत्या क्रमाने, हे मुद्दाम लिहिलं नाही, कारण एकाच ठिकाणी पोचायचे दोन रस्ते असू शकतात. मग एका वेळी एकच वर्णन बदलायचं, चाळीसही पुन्हा चालवायची, आणि जी चुकली ती नोंदवहीसारखी ओळीने वाचायची.

हे वाचणं कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. मॉडेल टूलला नेमकं काय पाठवतं हे डोळ्यांनी पाहिल्यावरच कारण दिसतं. क्लॉड या अँथ्रॉपिकच्या मॉडेलला वेब सर्च दिलं तेव्हा ते शोधशब्दांना विनाकारण २०२५ जोडत होतं, असं अँथ्रॉपिकच्याच लोकांनी लिहिलंय. तेही पाठवलेली मूल्यं पाहूनच लक्षात आलं असणार, आणि त्यांनी ते टूलचं वर्णन सुधारून सोडवलं.

खर्चाबद्दल: आमच्याकडे २६ टूल्स होती, ११ उरली. 'ग्राहक_शोधा', 'गाडी_शोधा', 'बुकिंग_शोधा' ही तिन्ही नेहमी एकामागोमाग चालायची, त्यांचं एकच केलं. निकालातून मॉडेलला नको असलेले अंतर्गत क्रमांक काढले. वर्णनं लांबली, तरी एकूण मजकूर आधीपेक्षा कमी भरतो.

चाकण_शिफ्ट

२६ वरून ११ वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही ट्रॉलीवर हत्यारं जितकी कमी, तितकं चुकीचं पाना उचलणं कमी.

त्या आजोबांकडे पुढे कोणी गेलं का?

गाडीतळ

हो काका. शाखेचे मॅनेजर स्वतः गेले, माफी मागितली, गाडी घेऊन आले. त्यांचं संभाषण आता आमच्या चाळीसांतलं पहिलं आहे. काल पुन्हा चालवलं: 'तारीख_बदला' चाललं, पत्ता जागेवर राहिला. मग पेठेतली यांच्यासाठी त्यातला 'उद्या' काढून "परवाचं बुकिंग पुढे ढकला" असं टाकून पाहिलं. एजंटने टूल चालवलं नाही. त्याने विचारलं, "काका, गुरुवारी होतं ते की येत्या सोमवारचं?"

पेठेतली

हे वाक्य मला पाठवून ठेवा, उदाहरणांत घालते.